गुणवंतांच्या बोर्डावर मी

बारावीला फिजिक्समध्ये मी सणसणीत आपटलो, आणि तरीही लातूरच्या भर चौकात वीस फुटी बोर्डावर गुणवंत म्हणून झळकलो. आजकाल नवी पोरं विचारतात, "सर, डिझाइन कुठं शिकलात?" काय सांगणार कप्पाळ! शिकवलं कुणीच नाही. पण धंदा पक्का झाला तो त्या बोर्डापासून, एवढं खरं.

अक्षरांचा नाद मात्र भूकंपातला. औशाकडचं आमचं गाव पडलं, आम्ही पत्र्याच्या शेडात राहायला गेलो आणि मदतीचे ट्रक यायला लागले. प्रत्येक ट्रकला कापडी बॅनर. कुठल्या तरी लांबच्या मंडळाचं नाव, लाल-निळ्या रंगात, कुठं जाडजूड, कुठं लफ्फेदार. बाकीची पोरं ब्लँकेटांकडं पळायची आणि मी बॅनरसमोर उभा राहून वेलांट्या हवेत गिरवायचो. तोवर ब्लँकेटं संपायची. माय करवादायची, "आरं मुडद्या, आता ते बॅनर पांघरून झोपनार हाइस का?" एका ड्रायव्हरनं माझी दया येऊन बॅनर सोडून दिला, तेव्हा खरंच तो पांघरून झोपलो.

त्याच दिवसांत तंबूतल्या एका डॉक्टरनं मायचा चेचलेला हात वाचवला. आमचे आबा साधे शेतकरी, पण त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट बसली, आपल्या घरात एक डागदर पायजे. घरात पोरगा मी एकटाच. म्हणजे डागदर कोण, हे ठरलेलंच होतं.

दहावीला बरे मार्क पडले आणि माझी रवानगी लातूरला झाली. तेव्हा लातूरला जिकडं बघावं तिकडं क्लास. कंधारची, नायगावची, कुठकुठली पोरं पत्र्याच्या ट्रंका घेऊन उतरायची आणि एका खोलीत चौघं राहायची. बाकीचे तिघं सूत्रं घोकायचे. मी वहीच्या कव्हरावर 'भौतिकशास्त्र' हा शब्द नऊ तऱ्हांनी लिहिला होता. आत काही नव्हतं. निकालही तसाच लागला.

आबा रागावले नाहीत. "अजून एक वरीस घे," एवढंच म्हणाले. म्हणून मी रिपीटर बॅचला बसलो आणि महिनाभरात तिथून उठून रस्त्यापलीकडच्या चाचांच्या दुकानात गेलो. चाचा जुने पेंटर. अर्ध्या लातूरच्या पाट्या त्यांच्या हातच्या. जमाना बदलला म्हणून त्यांनी कॉम्प्युटर आणला खरा, पण माउसला हात लावायचा म्हटलं की त्यांना घाम फुटायचा. मग मी बटणं दाबायचो आणि ते मागून बोलायचे, "अक्षरांना काय एसटीत कोंबलंय का रे बाबा? सरका म्हनावं जरा!" मी एकेक बटण दाबून बघतच शिकलो. केलेलं काम परत फिरवणारं बटण सापडलं त्या दिवशी मी वेडाच झालो. शेतातल्या एकाही कामाला असलं बटण नसतं.

वर्ष कसं सरलं कळलं नाही. मी परीक्षेचा फॉर्मसुद्धा भरला नाही, आणि हे आबांना सांगायची छाती होत नव्हती. दर आठवड्याला ठरवायचो आणि दर आठवड्याला गिळायचो. तेवढ्यात बारावीचा निकाल लागला.

समोरच्या क्लासचे सर धावत आले. शेजारच्या क्लासच्या आधी आपला बोर्ड चौकात लागला पाहिजे, ही त्यांची एकच घाई. साठ गुणवंत, साठ गोल फोटो. त्यात मुरुडच्या एका मुलीचा फोटो आलेलाच नव्हता. रिकाम्या गोलामुळं ओळ बोडकी दिसत होती, म्हणून मी तिथं तात्पुरता माझा पासपोर्ट फोटो टाकला आणि विसरलो. फ्लेक्सचं मशिन तेव्हा नांदेडला. सीडी घेऊन एसटीनं गेलो. मशिनमधून बोर्ड सरकत बाहेर आला, त्यात माझंच थोबाड माझ्या नाकासमोरून गेलं, आणि मी शहाणा मात्र लाल रंग किती झक्क उठलाय ते बघत बसलो!

बोर्ड लागला आणि दुसऱ्या दिवशी ती मुलगी दुकानात हजर. डोळे भरलेले, पण आवाज खणखणीत. "दादा, माझ्या नावावर मिशी आहे." तिनं फोटो टेबलावर आपटला. "आमच्या घरचे सगळे बघून गेले." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. चाचांनी स्टुडिओतून तो फोटो गोलाच्या मापानं मोठा करून आणला. शिडी घेऊन आम्ही चौकात गेलो, तर बोर्डाखाली आबा!

हातात पेढ्यांचा पुडा, सोबत भावकीतले दोघं. गावच्या कुणीतरी एसटीतून माझा फोटो पाहून गावभर केलं होतं. आबांनी फोटोखालची ओळ वाचली, परत वाचली.

"फोटो तुझा. नाव पोरीचं. मंग मार्क कुनाचे?"

"पोरीचे."

"आन तुझे?"

मी सगळं ओकून टाकलं. फॉर्म, क्लास, दुकान, सगळं.

"मंग वरीसभर काय करत व्हतास इथं?"

मी वर बोट दाखवलं. "हे. आख्खा बोर्ड माझा हाय, आबा."

भावकीतला एक जण फिस्सकन हसला. आता चौकातच पायताण निघतंय, असं मला वाटलं. आबा वर बघत राहिले. मग माझ्या हातातल्या फोटोकडं त्यांची नजर गेली.

"ही तीच पोरगी?"

"हाव."

"मंग आधी तिच्या जाग्यावरून उतर." पेढ्यांचा पुडा त्यांनी चाचांच्या हातात दिला. "हे तिच्या घरी पोचतं करा. मान तिचा हाय."

मी शिडी चढलो. खाली शिडी आबांनीच धरली होती. माझ्या तोंडावर त्या मुलीचा फोटो चिकटवला आणि उतरायला लागलो, तोच खालून आवाज आला.

"थांब. तिरपा लागलाय."

"कुठं?"

"उजवीकडनं बोटभर खाली हाय. दिसत न्हाई का?"

मी बघितलं. खरंच होता. वर्षभर स्क्रीनसमोर बसलेल्या मला जे दिसलं नाही, ते त्यांना खालून दिसलं होतं. आणि ते मला डॉक्टर हो म्हणत नव्हते, तुझं काम नीट कर म्हणत होते. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. फोटो सोडवला, परत लावला, हातानं दाबून बसवला.

"आता?"

"आता बराबर हाय," आबा म्हणाले, आणि मी उतरेपर्यंत त्यांनी शिडी सोडली नाही.