आमची लहान गाडी घाटत होती तेव्हा

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. एखादी गोष्ट वेळेवर उरकली नाही, की तिच्याभोवती ते आपोआप साठत जातात. आमच्या गाडीचं तसंच झालं. घ्यायची होती सगळ्यात लहान, सगळ्यात स्वस्त. पण घ्यावी की न घ्यावी यात इतका काळ गेला, की स्टाफरूममध्ये चहाबरोबर दुसरं काही लागेनासं झालं!

मी लासुर्ण्याजवळच्या एका हायस्कूलात विज्ञान शिकवतो. बायको सुनीता शेजारच्याच प्राथमिक शाळेत. राहायला बारामतीत. रोज दोघं एकाच मोटारसायकलवर. कारखाने सुरू झाले की पुढं उसाची ट्रॉली, मागं उसाची ट्रॉली, मधे आम्ही! घरी पोचलं की सुनीता चप्पलही न काढता भिंतीला पाठ टेकून जरा वेळ नुसती उभी राहायची. डॉक्टरांनी बजावलं होतं, "कमरेला दणके नकोत."

मी म्हटलं, दसऱ्याला गाडी बघू. दसऱ्याला म्हटलं, पाडव्याला बघू. पाडव्याला म्हटलं, जरा पाऊसपाणी होऊ दे. मग सुनीतानं विचारायचंच सोडलं. ते जास्त लागायचं.

*

गणिताच्या जगताप सरांचं मत पहिल्या दिवसापासून ठाम.

"घेऊच नका! घेतली तर मोठी घ्या. आपल्या भागात लहान गाडीला कुणी साइड देत न्हाय."

"सर, तुमच्याकडं कुठली आहे?"

"माझ्याकडं न्हायच. म्हणून तर मोकळेपणानं सांगतोय!"

*

गायकवाड बाईंकडं मात्र खरोखर लहान गाडी होती. त्या मराठी शिकवतात, मिस्टर बँकेत. दोघं काटेवाडीला लग्नाला गेले. कार्यालयाच्या दारात उपरणं बांधलेला एक कार्यकर्ता गाड्या लावून घेत होता. मोठ्या पांढऱ्या गाड्यांना "या साहेब, या साहेब" चाललेलं. बाईंची गाडी आली तसा त्यानं न बघताच हात केला, "टू-व्हीलर तिकडं!"

मिस्टरांनी गाडी सरळ मोटारसायकलींच्या रांगेत लावली. बाई अक्षता पडेपर्यंत फुगून बसलेल्या.

जेवणं झाली आणि पांढऱ्या गाड्या एकमेकींत अशा अडकल्या, की कुणाची कुणाला काढता येईना. हे दोघं मोटारसायकलींमागोमाग केव्हाच बाहेर! तोच कार्यकर्ता धावत आला, "बाई, आमच्या आत्याला बारामती स्टँडवर सोडता का? आमच्या गाड्या काय निघत न्हाईत!"

*

आमचे आधीचे मुख्याध्यापक फार सावध माणूस. स्वतःसाठी गाडी बघत होते आणि मलाही सांगायचे, "थांबा. नवीन मॉडेल येतंय." ते आलं की म्हणायचे, "आता विजेवरच्या येतायत. थांबा."

असे थांबता थांबता ते निवृत्त झाले. निरोप समारंभ झाला, शाल-नारळ झाला, आम्ही त्यांना एसटीत बसवून दिलं. गाडी हलली तसं त्यांनी खिडकीतून डोकं काढलं आणि मला ओरडून सांगितलं, "घाई करू नका!"

*

माझे वडील, आबा, निरवांगीला असतात. ऊस आहे, दोन म्हशी आहेत. फोनवर त्यांना गाडीचं सांगितलं तर पहिला प्रश्न, "पोती किती बसत्यात?"

"आबा, ती कार आहे. माणसं बसतात."

"व्हय, मानसं बसत्यात. पर पोती?"

"पोतं कशाला लागतंय तिच्यात?"

आबा म्हणाले, "तुमी येता, जेवता, आन् मोकळंच जाता. हितं ज्वारी हाय, शेंगा हायत. फटफटीवर सुनबाईच्या मांडीवं किती देनार? म्हनून इचारलं."

मी डिकीचं माप बघून सांगतो म्हटलं आणि फोन ठेवला.

*

मी आणि सुनीता शोरूमला पहिल्यांदा गेलो तेव्हा जगताप सरही बरोबर. न बोलावता! "तुम्हाला गुंडाळतील," म्हणाले. सरांचा देह भरभक्कम. सेल्समननं सांगितलं, मागं तिघं आरामात बसतात. सर म्हणाले, "बघूच!" आणि मागं शिरले.

शिरताना शिरले. निघताना एक पाय बाहेर आला आणि बाकीचे सर आतच! आधी सेल्समननं हात दिला, मग वॉचमननं. पुढची सीट पुढं सरकवली. सुनीता तोंडावर रुमाल धरून दुसऱ्या गाडीचे रंग बघायला गेली. किती महिन्यांनी ती अशी हसत होती.

आतून सरांचा घामेजलेला आवाज आला, "गाडी चांगली हाय. घ्या! पण आधी मला काढा!"

*

आता शेवटचा. गाडी घेतली, त्याच्या आदल्या रविवारचा.

टेस्ट ड्राइव्हला गेलो. मी चालवतोय, शेजारी सुनीता, मागं तोच सेल्समन. तो गिअर, मायलेज, एअरबॅग सांगत होता. बारामती मागं पडली आणि शेजारून काहीच आवाज येईना. बघतो तर सुनीताला झोप लागलेली. डोकं काचेला टेकलेलं, पर्स मांडीवरून घसरून पायाशी.

"सर, इथून वळवा. टेस्ट ड्राइव्ह एवढीच असते," सेल्समन म्हणाला.

मी आरशात बघून ओठांवर बोट ठेवलं. त्यानं पुढं वाकून बघितलं आणि तो मागं टेकून बसला.

काटेवाडी गेली. पुढं उसाची ट्रॉली लागली. मी हॉर्न दिला नाही, ओव्हरटेकही केला नाही. तिच्या मागं हळूहळू चालवत राहिलो. सेल्समनचा फोन वाजला. त्यानं कापला. पुन्हा वाजला. त्यानं तोंडावर हात धरून घेतला, पण मॅनेजरचा आवाज पुढंपर्यंत ऐकू येत होता.

"अरे, कुठंयस? गाडी कुठंय?"

"लासुर्ण्याकडं चाललोय, सायेब."

"लासुर्णे? तिकडं कशाला? गाडी घेतली का त्यांनी?"

"अजून ठरलं न्हाय, सायेब," तो अगदी हळू म्हणाला, "पण म्याडम झोपल्यात."