वाटणीत राहिलेलं कुत्रं

परवा पुण्यात लेकीनं तिच्या मांजराला चिप बसवून घेतली. तांदळाच्या दाण्याएवढी वस्तू. जाड सुईतून मानेच्या कातडीखाली सोडली, मांजरानं एकदा शिवी दिल्यासारखा आवाज केला आणि काम संपलं. डॉक्टरीणबाईंनी वरून यंत्र फिरवलं तसा पडद्यावर लांबलचक आकडा आला. "आता हे कुठंही हरवलं तरी तुमचंच," त्या म्हणाल्या. मांजर कधीपासून कुणाचं व्हायला लागलं, असं मी विचारणार होते, पण लेकीनं डोळे वटारले म्हणून गप्प बसले. मला आठवत होतं आमच्या वस्तीवरचं कुत्रं. त्याच्या एका कानात आडनाव होतं, दुसऱ्या कानात गाईचा बिल्ला होता, आणि एवढं असूनही ते कुणाचं हे कुणालाच ठरवता येत नव्हतं.

गोष्ट नव्वदनंतरच्या काही वर्षांतली. मी संगमनेरच्या एका शिंप्याची मुलगी. लग्न होऊन राहात्याजवळ एका वस्तीवर आले. लग्नात ताटभर तांदळात अंगठीनं नाव लिहून माझं नाव बदललं. जुनं नाव का नको, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही, कारण त्या वेळी माझ्या कपाळावर मुंडावळ्या होत्या आणि पोटात भूक होती. बाबा तेवढे मांडवाच्या कोपऱ्यातून पुटपुटले, "आधीचं काय वाईट होतं?" ते सनईच्या आवाजात बुडालं.

सासरी येऊन बघते तर दोन भावांच्या वाटणीला नुकतं वर्ष झालेलं. माझे सासरे थोरले, चुलतसासरे धाकटे. मध्ये बांध. बांधाच्या अलीकडे आमचं घर, पलीकडे त्यांचं. पेरूची बाग निम्मी-निम्मी, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. इतकी काटेकोर वाटणी की पाटा आमच्याकडे आला आणि वरवंटा त्यांच्याकडे गेला. मग एकानं नवा वरवंटा आणला, दुसऱ्यानं नवा पाटा, पण बांध ओलांडून मागायला कुणी गेलं नाही. अशा हुशार माणसांकडून एकच गोष्ट वाटायची राहिली होती, ती म्हणजे कुत्रं.

कुत्रं तांबडं, बिनजातीचं, बसकं. त्याचं नाव सांगण्यात अर्थ नाही. त्या नावाची कुत्री प्रत्येक वस्तीवर होती आणि हाक मारली की आपलं सोडून बाकीची यायची. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, पण हा पाहुणा सकाळची भाकरी आमच्याकडे आणि संध्याकाळची पलीकडे खाऊन टम्म झाला होता. भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते, त्याचं त्याला काही सोयरसुतक नव्हतं. अख्ख्या खानदानात शहाणं तेवढंच होतं.

भांडण लागलं त्याचं कौतुक झाल्यामुळं. एका दुपारी दोन्ही घरं गावात लग्नाला गेली असताना बागेत चोर शिरला. आम्ही परत आलो तर पेरूचं अर्धं भरलेलं पोतं तिथंच, चोर झाडावर आणि कुत्रं झाडाखाली. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. पारावर सासरे म्हणाले, "आमच्या कुत्र्यानं धरला." तिथंच चुलतसासरे म्हणाले, "आमच्या." तेवढ्यावरून दोघं उठून उभे राहिले. मधल्या माणसांनी बसवलं.

पुढच्या जत्रेत चुलतसासऱ्यांनी काय करावं? कुत्र्याला खांद्यावर टाकून नेलं आणि बॅटरीच्या मशीनवर गोंदणाऱ्याकडून त्याच्या कानाच्या आत आडनाव गोंदवून आणलं. अख्खं मावेना म्हणून पहिली दोन अक्षरं. कुत्र्याला चौघांनी धरलं होतं, पाचव्याला ते चावलं, असं ऐकलं. परत आल्यावर त्यांनी बांधावर उभं राहून कुत्र्याचा कान उलटा करून आम्हाला दाखवला.

सासऱ्यांनी चष्मा लावून वाचलं आणि मोठ्यानं हसले. "हे तर आमचं आडनाव हाय! आता तर पक्कं झालं, कुत्रं आमचं."

चुलतसासऱ्यांचं तोंड बघण्यासारखं झालं. दोघा सख्ख्या भावांचं आडनाव एकच असणार, हे जत्रेच्या गर्दीत त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. मी पदर तोंडात कोंबून आत पळाले.

पण सासरे तरी कुठले स्वस्थ बसायला? आमच्या जर्सी गाईच्या कानात विम्याचा बिल्ला होता. गाय मेली तर तीच मेली हे कळावं म्हणून विम्याच्या गाईला असा नंबरचा बिल्ला मारत. जनावरांच्या दवाखान्यातला माणूस गाईला सुई द्यायला यायचा, त्याच्या पिशवीत एक वाकडा बिल्ला नुसताच पडून होता. सासऱ्यांनी त्याला दोनदा चहा पाजला आणि तो बिल्ला कुत्र्याच्या दुसऱ्या कानात मारून घेतला. कुत्रं केकाटलं. मी सासऱ्यांना म्हटलं, "मामा, आता याचं दूध काढायचं का?" सासूबाई चुलीपुढं बसल्या जागी खुदकन हसल्या. लग्नानंतर त्या घरात मला कुणी हसून दाद दिली ती पहिली.

असं ते कुत्रं दोन्ही कान सजवून हिंडत होतं. नव्या सुनेच्या अंगावर नसेल एवढं त्याच्या कानात होतं. सकाळची भाकरी इकडे आणि संध्याकाळची तिकडे हा त्याचा नेम मात्र मोडला नाही.

मग संक्रांत आली. माझी पहिली. बाबा तिळगूळ आणि माझ्यासाठी शिवलेला परकर पिशवीत घेऊन एसटीनं आले. स्वतः शिवलेली नवी टेरिकॉटची पँट घातलेली. फाट्यावरून चालत येताना त्यांनी जवळची वाट धरली, म्हणजे बांध. मी दारातून बघत होते. कुत्रं लांबून भुंकलं, बाबांनी पिशवी उगारली आणि त्यानं सरळ पोटरी धरली.

बरोबर बांधावर. वीतभर इकडे नाही की तिकडे नाही.

दोन्ही घरांतून माणसं धावली. बाबा खाली बसून आधी पँट बघत होते. "शिवण नाही उसवली, कापड फाटलंय," ते म्हणाले. पाय रक्तानं भरला होता. सासूबाई जखमेत भरायला मिरचीची पूड घेऊन आल्या, ती मी त्यांच्या हातून काढून घेतली आणि साबणानं पाय धुतला. नवऱ्यानं बाबांना लुनावर बसवून सरकारी दवाखान्यात नेलं.

डॉक्टर म्हणाले, जखम खोल नाही. कुत्रं ओळखीचं असेल आणि डोळ्यांसमोर राहणार असेल तर दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवा. धड राहिलं तर सुटलात. मेलं, पिसाळलं किंवा सापडलंच नाही, तर बेंबीभोवती इंजेक्शनांचा सगळा कोर्स. बाबांना सुईची सवय होती, पण ती कापडात घालायची. ते पांढरे पडून परत आले. नवऱ्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं, "काय वाट्टेल ते झालं तरी ते कुत्रं जिवंत दिसलं पाहिजे."

कुत्रं मी अंगणात बघितलं, मागं बघितलं, विहिरीवर बघितलं. नव्हतं. दिसलं ते वेगळंच. बांधावर बाज टाकलेली आणि तिच्यावर दोघे भाऊ शेजारी शेजारी बसून एकाच चंचीतली तंबाखू मळत होते. वाटणीनंतर पहिल्यांदा. सासऱ्यांच्या हातात अडकित्ता होता आणि पायाशी तो वाकडा बिल्ला पडला होता. चुलतसासऱ्यांची बोटं इंजिनाच्या काळ्या वंगणानं बरबटली होती.

"पाव्हणं," सासरे बाबांना म्हणाले, "ते कुत्रं आमचं न्हाई."

"आमचंबी न्हाई," चुलतसासरे म्हणाले. "वाटंवरचं आसंल कुठलं तरी."

व्याह्याला आपलं कुत्रं चावलं, हा ठपका कुणाच्याच दाराला नको होता. भांडायला त्यांना जन्मभराचा वेळ होता, पण बदनामी टाळायला दोघांचं तासाभरात एकमत झालं. गावात काय सांगायचं तेही ठरलं होतं. मला इतका संताप आला की कानशिलं तापली.

"कुत्रं आहे कुठं?" मी विचारलं.

तेवढ्यात पेरूच्या टेम्पोचं इंजिन सुरू झालं. टेम्पो रोज नाशिकच्या मार्केटला जायचा. मागं क्रेटच्या फटीतून एक तांबडी शेपूट बाहेर आली होती आणि ती बिनडोकासारखी हलत होती.

मी पळाले. पदर कुठं गेला कळलं नाही. टेम्पोच्या पुढं उभी राहिले, ड्रायव्हरनं ब्रेक मारला आणि मला जे म्हणाला ते इथं लिहिण्यासारखं नाही. मी मागं चढून क्रेट सरकवले आणि कुत्र्याला कवेत घेऊन खाली उतरले. एका कानातून रक्त येत होतं, दुसरा कान आतून वंगणानं काळा झाला होता. मी परकराच्या कडेनं पुसलं. दोन अक्षरं तशीच हिरवी वर आली.

चुलतसासरे बाजेवरून उठले. "सूनबाई, सोड त्याला. ते कुणाचं न्हाई."

"माझं आहे," मी म्हणाले.

"तुजं? कवापास्नं?"

"आत्तापासून. वाटणीत कुणाच्या वाट्याला आलं नव्हतं, मी माझ्या वाट्याला घेतलं. आणि माझं कुत्रं माझ्या बापाला चावलं. जा, सांगा गावात."

वडीलधाऱ्यांसमोर डोक्यावर पदर नसताना मी पहिल्यांदाच एवढं बोलले होते, आणि आता मला टेम्पोत घालून संगमनेरला पाठवतात की काय असं वाटत होतं. सासऱ्यांनी तोंड उघडलं. पण दारातून सासूबाईंचा आवाज आला, "बांद गं त्याला खुट्ट्याला. मी भाकर आनते." सासऱ्यांनी तोंड मिटलं.

बाबा आमच्याकडंच राहिले. पुढचे दिवस सगळ्या वस्तीला एकच उद्योग होता, कुत्रं पाणी पितंय का ते बघायचं. पिसाळलेलं कुत्रं पाण्याला भितं, एवढं ज्ञान सगळ्यांकडं होतं. सकाळी मी ताटली ठेवायची आणि दोन्ही घरं भोवती जमायची. चुलतसासरे रोज काही ना काही निमित्त काढून यायचे. कुत्र्यानं जीभ बुडवली की सगळे एकदम "पेलं!" म्हणायचे. त्यालाही हळूहळू माज चढला. जमाव असल्याशिवाय ते पाणी पीना.

बाबा सुरुवातीला त्याच्यापासून लांब बसायचे, मग जवळ बसायला लागले. रिकामं बसणं त्यांच्या हाताला माहीत नव्हतं. लग्नात त्यांनीच मला दिलेल्या मशीनवर पहिल्यांदा पँटला रफू केलं. मग एक दिवस गळ्यातली टेप काढून त्यांनी कुत्र्याच्या मानेचं माप घेतलं, खाकी कापडाच्या चार घड्या घालून पट्टा शिवला आणि त्यावर लाल दोऱ्यानं काहीतरी भरत बसले. मला बघू देईनात.

दहा दिवस झाले. कुत्रं ठणठणीत. डॉक्टर म्हणाले, जा घरी. सासूबाईंनी त्या दिवशी पुरणपोळ्या केल्या आणि पहिली कुत्र्याला घातली. बाबा जायला निघाले तेव्हा त्यांनी स्वतः वाकून पट्टा त्याच्या गळ्यात बांधला. चावलेला पाय मागं ठेवून, पण बांधला.

बाबांची एसटी गेली आणि तासाभरात दोघे भाऊ अंगणात हजर. कुत्रं निरोगी ठरल्यामुळं ते पुन्हा दोघांचंही झालं होतं. "आमच्या कुत्र्याची जातच खरी," चुलतसासरे म्हणाले आणि पट्ट्यावर काय लिहिलंय ते बघायला वाकले. त्यांनी मोठ्यानं वाचलं. एका बाईचं नाव.

"हे कुणाचं नाव?"

सासऱ्यांनाही आठवेना. नवरा माझ्याकडं बघून दुसरीकडं बघायला लागला. लग्नपत्रिकेवर छापलेलं नाव होतं ते. बाबांनी ते बदललेलं कधी मान्यच केलं नव्हतं.

"माझं," मी म्हणाले. "कुत्रं माझं, म्हणून माझं नाव."

मला रडू येत होतं. सासूबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी मला ते परत म्हणायला लावलं आणि स्वतः एकदा हळू आवाजात म्हणून बघितलं. "चांगलं व्हतं की," एवढंच बोलून त्या आत गेल्या.

पुढं व्हायचं ते झालंच. ज्यांना वाचता येत होतं त्यांनी पट्टा वाचला आणि ते कुत्र्याचंच नाव आहे असं धरून चालले. नर कुत्र्याला बाईचं नाव कुणी ठेवलं म्हणून लोक हसत, पण हाक मारत. टेम्पोवाला मारायचा, पेरू तोडायला येणाऱ्या बायका मारायच्या, बांधापलीकडून चुलतसासरे मारायचे. सगळ्या शिवारात माझं माहेरचं नाव घुमायचं. दर वेळी मी चमकून हातातलं काम टाकून बाहेर यायचे आणि बघायचे तर कुत्रं शेपूट हलवत चाललेलं. नवरा म्हणाला, पट्टा काढून टाकू का? मी म्हटलं, हात लावून बघ.

एका सकाळी मी मागं धुणं धूत होते. स्वयंपाकघरातून सासूबाईंची हाक आली, त्याच नावानं. कुत्र्याला भाकरी घालत असतील म्हणून मी धोपटत राहिले. पुन्हा हाक आली. पुन्हा आली. कुत्रं ऐकत का नाही म्हणून हात पुसत मी दारात जाऊन बघितलं.

कुत्रं त्यांच्या पायाशी झोपलं होतं. सासूबाई चहाचा कप पुढं धरून माझ्याकडं बघत होत्या.

मी ओ दिली.