गुडघेदुखीच्या चौकटीत अण्णाचा नंबर

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला सांगितलं असतं, पण ती गेल्यानंतरच हे झालं — आणि नगरला, सावेडीच्या या फ्लॅटमध्ये दुसरं आहे कोण?

प्रकार तसा हास्यास्पद. गुडघे दुखत होते म्हणून मोबाईलवर उपाय वाचत होतो. दोन ओळी होतात न होतात तोच पानावर चौकट आली — मोबाईल नंबर टाका, मोफत सल्ला घ्या. खाली बारीक अक्षरांत, ‘नको, मला गुडघे दुखलेलेच बरे.’ आता हे कोण कबूल करणार? कोपऱ्यात मोहरीएवढी फुली होती. ती दाबायला जावं तर पान सरकायचं आणि बोट नेमकं जाहिरातीतल्या तेलाच्या बाटलीवर पडायचं. चारदा तेल उघडलं. शेवटी वैतागून नंबर टाकला. माझा नाही — एवढा शहाणा मी आहे. पाठ असलेला दुसरा एकच नंबर होता. शेवगावला राहणाऱ्या अण्णाचा, माझ्या थोरल्या भावाचा.

आठवड्यात अण्णाचा फोन. "बाळ्या, एक बाई रोज येगळ्या नंबरवरनं फोन करती. मला सर म्हनती. गुडघं कसं हायेत इचारती. तिला कुनी सांगितलं रं?"

मी काय म्हणालो? ‘असतात असे लोक’ म्हणालो.

आमचं भांडण कधीच नव्हतं. बोलायला विषय नव्हता, इतकंच. मी फोन केला की ‘बरं हाय’, ‘बरं आहे’ — संपलं. आता विषय मिळाला. अण्णा रोज फोन करू लागला, कारण घरात मोबाईल मलाच कळतो असा त्याचा समज. मी त्याला नंबर ब्लॉक करायला शिकवलं — पण दिवसाला एकच. बाकीचे उद्या. मध्येच तो तुरीबद्दल बोलायचा, आईच्या हातच्या शेंगोळ्यांबद्दल बोलायचा.

मग त्या लोकांचे फोन कमी झाले, आणि अण्णाचेही. इथपर्यंत चूक म्हणता येईल. पुढच्याला काय म्हणू? मी मुद्दाम तसल्या चौकटी शोधत बसलो. केस उगवणारं तेल, प्लॉट, परदेशी सहल — दिसेल तिथे अण्णाचा नंबर टाकला. अण्णाला पुरतं टक्कल आहे, आणि नगरच्या पलीकडे तो फारसा कधी गेलेला नाही.

एके दिवशी थकलेल्या आवाजात म्हणाला, "नंबरच बदलला बाबा. नवा घरच्यांना दिला, अन् तुला. तुझा लई येळ खाल्ला. राग मानू नगंस."

माफी तो मागत होता. आणि मी — मी ‘चालायचंच’ म्हणालो.

चार महिने झाले. त्याला आता त्रास नाही, म्हणून फोनही नाही. नवा नंबर मला पाठ झालाय. हे लिहायला बसण्याआधी एका पानावर तसलीच चौकट आली. फुली या वेळी चांगली मोठी होती, चष्म्याशिवाय दिसत होती.

मी नऊ आकडे टाकलेत. चौकट अजून उघडी आहे.