सोयऱ्याचं नेट

सोयऱ्याकडून बियाणं घ्या, म्हैस घ्या, वेळ पडली तर अक्कलही घ्या. इंटरनेट घेऊ नका. हे मी आमच्या रिठद गावच्या चौकात उभा राहून सांगतो आणि लोक हसतात. हसू द्या. ज्याच्या घरात राउटरचा लाल दिवा पेटतो त्यालाच कळतं.

आमची सून पुण्याच्या एका कंपनीत कामाला. मुलानं गावी येऊन दुधाचा धंदा मांडला, तेव्हा तिनं साहेबाकडून घरून काम करायची परवानगी काढली आणि नातीला घेऊन सगळे आमच्याकडे राहायला आले. घर भरलं. पण साहेबानं अट घातली होती: मीटिंगमध्ये नेट तुटत राहिलं तर परत पुण्याला यायचं. सून गेली की नात गेली, आणि मुलगा काही म्हशींची तोंडं बघत इथं बसणार नव्हता. म्हणजे माझं अख्खं घर एका वायरीला लटकलेलं.

म्हणून चौकशी मांडली. मोबाइलची रेंज गावात फक्त पाण्याच्या टाकीवर. तिथं इतकी माणसं चढलेली असत की ग्रामसभा वरच घ्या, असं मी सरपंचाला सुचवलं होतं. मग एका मोठ्या कंपनीला फोन लावला. पलीकडची बाई इतकं गोड बोलली की मला वाटलं, आता साखरपुड्याची तारीखच काढते. म्हणे, आपल्या भागात सेवा लवकरच सुरू होईल. तिच्या त्या 'लवकरच'मध्ये आमची तूर निघाली, तिची डाळ झाली, डाळीचं वरण झालं आणि आम्ही ढेकर देऊन मोकळे झालो.

उरले दोघं. एक, बाजारातले इलेक्ट्रिकच्या दुकानाचे चाचा. रोखठोक माणूस, नेटच्या जोडणीचा महिन्याचा दर दारावर रंगवून ठेवलेला. दुसरा माझ्या मुलीचा दीर. त्यानं रिसोडकडून वायर ओढून आसपासच्या गावांत जोडण्या द्यायला सुरुवात केली होती. मी चाचांकडे निघालो तर बायको दारात आडवी.

"घरचा सोयरा असून परक्याच्या दारात जाता? पोरीले सासरी काय तोंड राहीन?"

झाली निवड. आमच्याकडे निवड अशीच होते.

सोयऱ्याला दर विचारला तर त्याचा चेहरा पडला. "मामाजी, तुमच्यासंग काय भाव करू? घरचंच हाये." घरचं म्हणजे चाचांपेक्षा महाग, हे पुढे कळलं. पण सोयऱ्याशी घासाघीस करायची नसते. ती भाजीवालीशी करायची.

थोडे दिवस नेट असं धावलं की विचारू नका. मग लाल दिवा. फोन केला, सोयरा लगेच आला. पण तो दुरुस्तीला आला नव्हता, पाहुणा म्हणून आला होता. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, हातात ना पक्कड ना पाना. पाणी दिलं, चहा दिला, बायकोनं पुरणाचं जेवण घातलं. जेवून, सुपारी कातरून, त्यानं अंगणातल्या खांबाकडे चतुर्थीच्या चंद्राकडे बघावं तसं बघितलं आणि म्हणाला, "वायर तुटली दिसते."

मी शिडी आणायला उठलो. आतून बायको कडाडली, "सोयऱ्याले खांबावर चढवता? लोक थुंकतीन तोंडावर."

"राहू द्या, मामाजी. मी मानूस पाठवतो," सोयरा म्हणाला आणि बडीशेप घेऊन गेला. माणूस आला तो सोयऱ्याच्या मर्जीनं, म्हणजे नेट विसरायला झाल्यावर.

पुढे दर वेळी हेच. आमच्या घरी इतकं पुरण शिजलं की वाशीमच्या बाजारात हरभरा डाळ महागली. सोयऱ्याचं अंग असं भरलं की नंतर त्याला चढवलं असतं तरी खांबच वाकला असता. आणि मला बोलायची सोय नाही! अहो, मी भांडणासाठी तीन गावांत नावाजलेला. बंद पडलेला पंप माझी एक शिवी ऐकून पाणी टाकतो. तोच मी हात जोडून म्हणत होतो, "पाहुणे, तुमच्या सवडीनं जरा नेटचं पाहता काय?" त्या वाक्याची चव अजून माझ्या तोंडातून जात नाही.

एके सकाळी सुनेची मोठी मीटिंग होती. साहेबानं आधीच बजावलं होतं, आता तुटलं तर सामान घेऊनच या. मधोमध नेट गेलं. सोयरा त्या वेळी आमच्याच ओसरीवर बसून पोळीवर तूप वाढून घेत होता. सून बाहेर आली, हेडफोन गळ्यात. तिनं एकदा त्याच्या ताटाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"मामाजी, मी बॅग भरते. साहेबांचा फोन यायच्या आधी भरलेली बरी."

सोयरा म्हणाला, "वहिनी, पुण्याले काय ठेवलं? बसा, एक पोळी घ्या."

मी उठलो. चप्पलही घातली नाही. तडक बाजारात.

"चाचा, तुमी माझे कोनी लागता काय?"

"नाही. काहून?"

"दूरचे? मानलेले? लग्नाकार्यात कुठं आहेर-बिहेर?"

"भाऊ, मागं पंख्यावरून तुमी मले भर दुकानात चोर म्हनले. नात्यात असं बोलते काय कोनी?"

"मग आत्ताच्या आत्ता वायर ओढा."

"ओढतो. बिघडलं त शिव्या द्या. मीबी देईन. पन शिडी घेऊन येईन."

चाचांनी दुपारच्या आत जोडणी दिली. सुनेनं साहेबाला फोन करून पुन्हा मीटिंग लावून घेतली. तो कुरकुरला, पण थांबला. बायकोनं माझ्याशी बोलणं टाकलं, सोयरा अर्ध्या ताटावरून उठून गेला. मुलीला सासरी त्रास होईल, या धास्तीनं मी तिला भीतभीत फोन केला. ती म्हणाली, "भाऊजी फुगून बसले होते, बाबा. मग जेवायची येळ झाली."

मग एकदा माकडांनी चाचांची वायर तोडली. मी फोनवर असा सुटलो की कितीतरी दिवसांचं तुंबलेलं सगळं बाहेर पडलं. चाचा आले, शिडी लावली, वर चढले.

"वायर टाकता का सुतळी?" मी खालून.

"माकडं तुमच्या कडूलिंबावरचे. आधी त्याइले समजवा," चाचा वरून.

मी त्यांच्या दुकानाचा उद्धार केला, त्यांनी माझ्या लिंबाचा. मला फार बरं वाटत होतं. तेवढ्यात खिडकी उघडली आणि सुनेनं डोकं बाहेर काढलं.

"मामाजी, जरा हळू. नेट आलं, माइक चालू हाये. साहेब विचारून राह्यले, घरी कोनाचं भांडन चालू हाये?"

"सांग त्यायले, दुरुस्ती चालू हाये."

"आन दरबी सांगा," शिडीवरून चाचा म्हणाले.

खिडकी लागली. आतून सुनेचा हसत इंग्रजी बोलण्याचा आवाज येऊ लागला, आणि मी चाचांची शिडी धरून पुढची शिवी बेतात, हळू आवाजात दिली.