रजेच्या मेल स्पॅममध्ये

मंडळी, आज आमच्या वाशिंदच्या कारखान्यात मी मेल सर्व्हरवर स्पॅम फिल्टरचं नवं प्लगइन बसवलं. नकोशी मेल स्पॅममध्ये टाकली की फिल्टर त्यावरून शिकतो आणि पुढच्या तशा मेल आपणहून तिथे पाठवतो.

दुपारी मुरबाडच्या गोदामातून सुशीलाताईंचा फोन आला. "दादा, माझी रजेची मेल साहेबांना मिलाली नाय का? परवा आयचं ऑपरेशन हाय."

मेल साहेबांच्या स्पॅममध्ये सापडली. सकाळी साहेबांनी इतरांच्या रजेच्या मेल तिथे टाकल्या होत्या. फिल्टर तेच शिकला होता. मी ताईंची मेल बाहेर काढून इनबॉक्समध्ये वर आणली.

लगेच साहेबांनी बोलावलं. "ही रजेची मेल वर कशी आली? तुझा फिल्टर नीट कर."

मी "हो" म्हणून जागेवर आलो. फिल्टर नीटच चालतोय, आणि ताईंचा पुन्हा फोन वाजतोय. तुम्ही त्यांना काय सांगितलं असतं?