दिल्वेनच्या नावाचं घड्याळ

दिल्वेन प्रॉबर्ट गेली तेव्हा चॅपलमध्ये पाळकबुवांनी तिच्यावर पाच मिनिटं भाषण केलं आणि त्यातली तीन तिच्या बेदाण्याच्या टिक्क्यांवर घालवली. माझं डोकं असं फिरलं म्हणून सांगू. एकोणतीस वर्षं जिने घड्याळांची चाल बसवली, तिच्याबद्दल एवढंच? आणि खरं सांगायचं तर टिक्क्या माझ्या जास्त चांगल्या व्हायच्या. म्हटलं नेस्टा, आता तूच तोंड उघड.

आमच्या दरीत वरच्या अंगाला कोळशाची खाण आणि खाली नदीकाठी घड्याळांचा कारखाना. पुरुष काळेठिक्कर होऊन घरी यायचे आणि आम्ही बायका पांढऱ्या कोटात. कारखान्यात तीनशे बायका होतो. तबकडीवर इतक्या बारीक अक्षरांत ‘ग्रेट ब्रिटनमध्ये बनवलेले’ असं छापलेलं असायचं, की दिल्वेनचा बाप म्हणायचा, “त्यात आपलं वेल्स कुठे आहे ते भिंगाने शोधावं लागतं.”

दिसायला ती घड्याळं अगदी साधी होती. पांढरी तबकडी, काळे आकडे, निळे पोलादी काटे, बस. नटवेपणा नाही. पण रेल्वेत, टपालात, शाळेत सलग पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाला असंच एक सोन्याच्या कवचाचं घड्याळ द्यायची रीत होती, पाठीवर नाव आणि साल कोरून. बाप गेला की ते मुलाच्या मनगटावर यायचं. कुणी ते विकलं तर गावात त्याची छी थू व्हायची. आमच्या कारखान्यातही तोच नियम होता, सलग पंचवीस वर्षं. सलग, हा शब्द लक्षात ठेवा.

घड्याळाच्या पोटात केसाएवढी बारीक कमान असते. ती आत-बाहेर श्वास घेते म्हणून काटे चालतात. तिची चाल बसवणं हे दिल्वेनचं काम. घड्याळ उताणं ठेवायचं, पालथं ठेवायचं, या कुशीवर, त्या कुशीवर, आणि दर वेळी ते किती पुढे जातं, किती मागे पडतं ते बघायचं. तान्ह्या पोराचं तरी कुणी इतकं करत नाही. बाकीच्या मुली दोन दिवसांत घड्याळ पुढे सरकवायच्या, ही चार दिवस घेऊन बसायची. मुकादमीण ओरडली की म्हणायची, “लंगडतंय अजून. लंगडं पाठवू का बाहेर?”

कामगारांना घड्याळ स्वस्तात मिळायचं. तिने कधी घेतलं नाही. मनगट उघडं टाकून फिरायची.

“अगं, साऱ्या जगाला वेळ दाखवतेस आणि स्वतः मला विचारतेस किती वाजले?” मी म्हणायची.

“माझं येईल,” ती म्हणायची. “नावासकट येईल. विकतचं कुणीही घालतं.”

ती सतराव्या वर्षी लागली, एकावन्न साली. मी तिच्यानंतर दोन वर्षांनी. म्हणजे शहात्तर साली तिच्या हातावर घड्याळ यायला हवं होतं. ते का आलं नाही, ते मला माहीत होतं. दरीत दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं.

सत्तावन्नच्या हिवाळ्याआधी दोनशे घड्याळं परत आली. आत पोलादावर गंजाचे ठिपके. आता आमच्या धंद्यात हे शेंबडं पोरही सांगेल की काही माणसांचा घामच वाईट असतो. नुसतं बोट लागलं तरी पोलाद गंजतं. त्यात त्या माणसाचा काय दोष, पण घड्याळाच्या कारखान्यात त्याला जागा नाही. मग साहेबांनी आम्हा चाळीसजणींना, ज्या पोलादाला हात लावायच्या त्यांना, ओळीने उभं केलं. प्रत्येकीने पोलादाच्या चकचकीत पट्टीवर अंगठा दाबायचा, पट्टीखाली आपल्या नावाचा कागद ठेवायचा. पट्ट्या रात्रभर खिडकीत. सकाळी जिच्या पट्टीवर ठसा तांबडा, तिने घरी जायचं.

मला अंगठा दाबतानाच घाम फुटला होता. घरी माझ्या शिवणाच्या सुया आठवड्यात गंजायच्या. मला माहीत होतं हो, पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण माझा नवरा एमरिस तेव्हा खाणीत छत कोसळून पाय मोडून पडला होता, दोन पोरं लहान, आणि घरात येणारा पगार माझा एकटीचा.

सकाळी आठला सगळ्या खिडकीपाशी जमलो. माझ्या नावावरची पट्टी आरशासारखी लख्ख. आणि दिल्वेनच्या नावावर तांबडा ठसा.

मी वाकून पाहिलं. ठशाच्या मधोमध आडवी पांढरी रेघ होती. पाव कापताना माझ्या अंगठ्यावर सुरी फिरली होती, त्याची ती खूण. दिल्वेन रोज सगळ्यांच्या आधी यायची, तपासणीच्या घड्याळांना चावी द्यायला. तिने पट्ट्या बदलल्या होत्या.

मी तोंड उघडलं नाही. तिने कोट काढून खुंटीला लावला, डबा उचलला आणि निघून गेली. मी बघत उभी राहिले. हे सांगताना आजही मेल्याहून मेल्यासारखं होतं.

संध्याकाळी तिच्या घरी गेले तर ती बापाला खोकल्याचं औषध पाजत होती. मी रडायला लागले.

“रडू नकोस, फरशी ओली होते,” ती म्हणाली. “तुझ्याकडे खाणारी चार तोंडं आहेत. माझ्याकडे एक म्हातारा, तो अर्धी वाटी सूप पितो. उद्यापासून बोटांना रबरी टोप्या घाल आणि तबकड्यांच्या बाकावर बदली माग. तिकडे पोलाद नसतं. आणि हे पुन्हा माझ्यापुढे काढलंस तर दारात उभी करणार नाही.”

सात महिने तिने इस्पितळात भांडी घासली. इकडे मुकादमीण रडकुंडीला आली, कारण कमान तिच्यासारखी कुणाला बसवता येईना. शेवटी साहेबांनी तिला बोलावून पुन्हा अंगठा दाबायला लावला. पट्टी स्वच्छ. साहेब म्हणाले, बरी झालेली दिसते. घामाची बाधा अशी बरी होत नाही, पण गरज त्यांना होती. घेतलं परत. मात्र नवी म्हणून घेतलं. सलग तुटलं.

अठ्ठ्याहत्तरला माझी पंचवीस वर्षं भरली. सोन्याचं घड्याळ मिळालं, पाठीवर ‘नेस्टा बेव्हन’. त्याची चाल दिल्वेनने बसवली होती. मी ते घातलं, केक कापला, फोटोत हसले. तेव्हा तरी बोलावं की नाही? नाही बोलले. म्हटलं, तिचं येईल अजून पाच वर्षांनी. किती सोयीचं वाटतं ना असं म्हणणं.

पण पाच वर्षं मिळाली नाहीत. जपानी बॅटरीची घड्याळं आली, ती न गंजतात, न मागे पडतात, न त्यांना चावी लागते. ऐंशी साली कारखाना बंद होणार अशी नोटीस लागली. शेवटच्या शुक्रवारी चहापाणी आणि पाच जणांना सोन्याची घड्याळं. शेवटचीच. यादीत दिल्वेन नव्हती. परतीपासून तिची बावीसच वर्षं भरत होती.

यादी वाचून ती म्हणाली, “ठीक आहे,” आणि भिंग डोळ्याला लावून खाली वाकली. पण हातातलं घड्याळ तिने एकाच कुशीवर तपासून पुढे सरकवलं. सत्तावीस वर्षांत तिने असं केलेलं मी पाहिलं नव्हतं.

मग माझ्याने राहवेना. तडक नव्या हॅथरली साहेबांच्या खोलीत गेले. इंग्लंडातून आलेला माणूस, वाईट नव्हता, पण कागदाबाहेर बघायचा नाही. सगळं सांगितलं, पट्टी, ठसा, अंगठ्यावरची रेघ. अंगठा दाखवला.

“ती पट्टी कुठे आहे?” त्यांनी विचारलं.

“तेवीस वर्षांनी पट्टी कोण ठेवतं, साहेब?”

त्यांनी नोंदीचा कागद काढून बघितला. म्हणाले, “मिसेस बेव्हन, तुमच्या एकटीच्या सांगण्यावर मी नोंद बदलू शकत नाही. मिस प्रॉबर्टने हो म्हटलं तर बदलतो. तिला घड्याळ मिळेल. सहावं करायला माल आहे. पण मग सत्तावन्नला घरी जायला हवं होतं तुम्ही. तुमची सलग सेवा तिथेच तुटते. तुमचं घड्याळ परत घ्यावं लागेल.”

“घ्या,” मी म्हटलं आणि मनगटावरून काढून टेबलावर ठेवलं. खरं सांगते, इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

दिल्वेनला बोलावणं गेलं. ती भिंग कपाळावर सारून तशीच आली. साहेबांनी विचारलं, “सत्तावन्न सालचा तो ठसा तुमचा होता, की मिसेस बेव्हनचा?”

तिने माझ्याकडे पाहिलं. मग टेबलावर पाहिलं, जिथे माझं घड्याळ पालथं पडलं होतं. मी मनात म्हणत होते, हो म्हण, एवढं एकदा हो म्हण.

“माझा होता,” ती म्हणाली. “नेस्टाला लोकांचं ओझं घ्यायची हौसच आहे. चॅपलमध्येही असंच करते.”

“खोटं बोलतेय ती,” मी ओरडले.

 साहेबांना कळलं असावं, पण त्यांनी कागद मिटला. दिल्वेनने माझं घड्याळ उचललं, त्याला दोनदा चावी दिली आणि माझ्या हातात कोंबून दार उघडलं.

बाहेर जिन्यात मी तिला धरलं. “अक्कल आहे का तुला? उभा जन्म त्या घड्याळाची वाट बघितलीस. एक शब्द बोलायचा होता.”

“आणि हे? याचं काय केलं असतं त्यांनी? मोडून सोनं काढलं असतं.”

“काढू दे ना. माझं आहे ते.”

“तुझं कसलं,” ती म्हणाली. “नुसतं नाव तुझं आहे. बारा दिवस लावलेत मी त्याला. महिन्याला दोन सेकंद चुकतं ते, नेस्टा, दोन. उताणं ठेव, पालथं ठेव. असं मी आधी कधी बसवलं नाही आणि आता बसवणारही नाही, सोमवारपासून बाकच नाही. माझ्या नावाचं आलं असतं तर त्याची चाल दुसऱ्याच कुणी बसवली असती. स्वतःच्या घड्याळाला आपल्याकडे हात लावू देतात का? दोन दिवसांत घड्याळ उरकणाऱ्या त्या ग्लेनिसकडे दिलं असतं. ग्लेनिस.”

आणि मग ती जिन्याच्या पायरीवर बसली आणि कोटाच्या बाहीने डोळे पुसायला लागली. मी तिच्याशेजारी बसले. मला तिचा भयंकर राग आला होता आणि स्वतःची त्याहून जास्त लाज वाटत होती. घड्याळ तिच्या मनगटावर बांधायला गेले तर हात मागे घेतला. म्हणाली, “त्याला तुझ्या अंगाची सवय झालीय. चाल बिघडेल.”

शुक्रवारी पाच नावं पुकारली गेली. दिल्वेनने प्रत्येकाला टाळ्या वाजवल्या. त्यानंतर चोवीस वर्षं ती उघड्या मनगटाने जगली आणि मी ते घड्याळ घालून तिच्याशेजारी बसत राहिले, दर रविवारी, चॅपलमध्ये. कितीदा वाटलं, तिथेच उठून उभं राहावं आणि सगळ्यांना सांगावं. पण तिच्या देखत ते जमलं नसतं. तिने भर चॅपलमध्ये मला पुन्हा खोटं पाडलं असतं. आता ती नाही, म्हणून सांगतेय.