भाजी तिने केलीच नव्हती

मी निघालो होतो इनामगावला. नदीकाठी हजारो वर्षांपूर्वीची खापरं सापडतात असं ऐकलं होतं... आणि अडकलो शिरूरच्या स्टँडमागे, आप्पांच्या सायबर कॅफेत. कारण तिथं पंखा होता.

साल दोन हजार आठ-नऊ असेल. दहावीत गटांगळी खाल्लेली, पण मराठी टायपिंग जमायचं. आप्पा एका न्यूज वेबसाइटला तालुक्याच्या बातम्या पाठवायचे, ते काम माझ्या गळ्यात पडलं. कॅफेत जो येऊन सांगेल ती बातमी... अशी आमची पद्धत.

एकदा एक जण सांगून गेला आणि मी टाईप केलं, 'भाजी खारट झाल्याने पतीची विवाहितेला मारहाण'. शेजारच्या सलूनवाल्याने नेहमीसारखी प्रिंट नेऊन आरशाजवळ चिकटवली. दाढी करता करता गिऱ्हाइकं म्हणायची, "मिठाचा डबाच काढून घ्या तिच्याकडनं." मीही हसलो, खोटं कशाला बोलू.

तिसऱ्या दिवशी एक बाई आत आली. एक हात प्लॅस्टरमध्ये, दुसऱ्यात तीच प्रिंट.

"ही कुणी लिव्हली?"

आप्पांनी लगेच माझ्याकडे बोट केलं. फार प्रेमळ माणूस.

"भाजी सासूनं केली व्हती," ती म्हणाली. "मी कंपनीत, फस्ट शिफ्टला. घरी आले तर नवरा म्हणला, उद्यापासनं कंपनी बंद. मी न्हाई म्हणले, तवा त्यानं काठी घेतली. तुला भाजी कुणी सांगितली?"

सांगणारा तिचा दीर निघाला. गावात प्रिंटही त्यानेच वाटल्या होत्या.

तिचं नाव सुनंदा. हात मोडल्यापासून दौंडकडे माहेरी होती. दुसऱ्या दिवशी सासरच्या गावात, देवळात बैठक होती. गावाला सरकारचं तंटामुक्तीचं बक्षीस हवं होतं, म्हणून पोलिसात न जाता मिटवायचं... आणि बैठकीतले सगळे माझीच बातमी वाचून बसलेले. एवढ्याशा भाजीवरून संसार मोडतात का, म्हणजे तिने मुकाट परत नांदायला जायचं.

मी खुर्ची दिली. ती सांगत गेली, मी टाईप करत गेलो. प्रत्येक ओळ तिने माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतली. संध्याकाळी वेबसाइटवर बातमी बदलली, 'नोकरी सोडायला नकार दिला म्हणून पतीने पत्नीचा हात मोडला'.

बैठकीला मीही गेलो. कुणी बोलावलं नव्हतं. तंटामुक्ती समितीचे म्हातारे आबा खिशातून जुनी प्रिंट काढतात तोच सुनंदाने नवी पुढे केली.

"आबा, ही वाचा. मोठ्यानं."

आबांनी वाचली. देवळात कुणी हसलं नाही. दीर उठून चपला शोधायला लागला...

"पोरी, रिपोर्ट दिलास का ठाण्यात?" आबांनी विचारलं.

"तुम्हीच थांबवलं व्हतं, आबा."

"आन् आपलं बक्षीस?" मागून कुणीतरी पुटपुटलं.

"तिचा हात मोडलाय आन् तुला बक्षीस सुचतंय व्हय? जीप काढ," आबा त्याच्यावर ओरडले.

जीपमध्ये ती पुढच्या सीटवर बसली, आबा मागे. तक्रार नोंदली गेली. प्लॅस्टर निघाल्यावर तिने शिरूरमध्ये खोली घेतली आणि पुन्हा कंपनीच्या बसमध्ये चढली. सकाळी मी बसच्या खिडकीत तिला बघायचो... भारी वाटायचं.

सलूनमध्येही नवी प्रिंट लागली. तिच्याखाली मात्र कुणाला विनोद सुचला नाही.

त्यानंतर कुणी अशी बातमी सांगायला आलं की मी आधी विचारायचो, "बाईशी बोललात का?" निम्मे तिथूनच परत जायचे. सुनंदाताई, त्या दिवशी पायरी चढून आत आलात, फार उपकार झाले. इनामगाव मात्र अजून राहिलंच आहे.